तीनच इंजिनं

आमच्या जीपसारखी दिसणारी एक गाडी त्या गेममध्ये होती आणि त्या गाडीला फक्त तीन इंजिनं बसवता यायची, या गोष्टीचा मला अजूनही राग येतो. वय झालं, गुडघे गेले, डॉक्टर सांगतो चिडचिड करू नका, तरी तो पडदा आठवला की डोक्यात तिडीक जाते. घरातले हसतात. म्हणतात, आजी, एका गेमवरून एवढं? हो, एका गेमवरून. ज्यांना सगळं आयतं हातात मिळालं त्यांनी खुशाल हसावं. मला त्या दिवसांत जे काय मिळायचं ते त्या पडद्यावरच मिळायचं, आणि तिथंसुद्धा कुणीतरी लांब खुर्चीत बसून ठरवून टाकलं होतं की हिला तीन पुरे झाली.

आमचं घर तलासरीला, हायवेच्या अंगाला. पुढच्या खोलीत बसलं की गुजरातकडे जाणाऱ्या ट्रकांचा आवाज, मागच्या दारी गेलं की बाबाच्या हातोड्याचा. मागचं अंगण म्हणजेच बाबाचं गॅरेज. आमच्याकडे बापाला अहो-जाहो करायची पद्धत नव्हती, त्यामुळे मी त्याला इथंही अरे-तुरेच करणार आहे, आणि मेल्यावर माणूस एकदम मोठा होतो असं मला वाटत नाही. बाबा गाड्या दुरुस्त करतो असं लोक म्हणायचे. ते तितकंसं खरं नव्हतं. बाबा इंजिनं हलवायचा. हायवेवर उलटलेल्या पिकअपचं इंजिन डहाणू खाडीतल्या होडीत, होडीचं खारं पाणी खाल्लेलं इंजिन धुऊनपुसून उधव्याच्या भातगिरणीला, गिरणीचं थकलेलं कुणाच्या तरी विहिरीवर पंपाला. गाडी मरते, इंजिन मरत नाही, अशीच त्याची समजूत होती. कंपनीनं कुठलं इंजिन कशासाठी बनवलं याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. त्याची स्वतःची जीप होती तिच्यात एका टेम्पोचं डिझेल इंजिन होतं. ते मावावं म्हणून बॉनेट मध्ये कापून वर पत्र्याचा उंचवटा चढवलेला. विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा लागली की त्याच जीपमधून तो पाड्यापाड्यावरची माणसं ने-आण करायचा, आणि चढणीला दुसऱ्यांच्या जीपा माणसं उतरवायच्या तेव्हा आमची भरलेली वर जायची.

नवीन इंजिन कशात बसवायचं ठरलं की बाबा आधी त्याचं लाकडी सोंग बनवायचा. आई हंगामात बोर्डीच्या वाड्यांवर चिकू निवडायला जायची. मोठे एका बाजूला, मध्यम दुसऱ्या, डागी घरी. डागी चिकवांबरोबर ती मोडकी खोकीही आणायची, आणि त्या खोक्यांच्या फळ्या बाबाला लागायच्या. सुतळीनं खऱ्या इंजिनाची मापं घ्यायची, फळ्या ठोकून तेवढ्याच लांबीरुंदीचा सांगाडा करायचा, पंखा कुठे येतो, तेलाची टाकी किती खाली लोंबते, पाय कुठे टेकतात, सगळं त्यात दाखवायचं. मग ते हलकं लाकडी इंजिन एका हातानं उचलून बॉनेटखाली ठेवायचं, जिथं अडेल तिथं खडूनं खूण करायची, गाडी कापायची, आणि मग चेनपुली लावून लोखंड उचलायचं. असली लाकडी इंजिनं भिंतीला टांगलेली असायची. लहानपणी तीच माझी खेळणी. मीच ती आणून द्यायची, मीच धरून ठेवायची, बाबा खालून ओरडायचा, डावीकडे घे, अजून, बस. मला वाटायचं मी इंजिन बसवते आहे.

मग मी मोठी झाले, आणि त्या उन्हाळ्यात बाबानं सांगितलं की आता मागे यायचं नाही. ड्रायव्हर असतात, क्लिनर असतात, तुझं काय काम. आईनं मान डोलावली. ज्या दिवशी मी त्याच्या कमरेएवढी होते त्या दिवशी चाललं, खांद्याएवढी झाले तर चालेना. माझ्या जागी दादाला बोलावलं. दादा माझा मोठा भाऊ, त्याला डिझेलच्या वासानं मळमळायचं. सुट्टीच्या दिवशी तो नाकाला रुमाल बांधून पाने द्यायला उभा राहायचा आणि चौदाचा मागितला की बाराचा द्यायचा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत असायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. भाकरी थापता थापता मी तोंडातल्या तोंडात सांगायची, तो नाही रे, त्याच्या बाजूचा. बाबाला ऐकू जायचं नाही, आईला जायचं. ती म्हणायची, तव्याकडे बघ.

दादा पुढे गुजरातच्या हद्दीत एका कंपनीत कामाला लागला, रात्रपाळीला. तिथल्या कुणाकडून तरी त्यानं जुना गेमचा डबा विकत आणला आणि टीव्हीला जोडला. गाड्यांच्या शर्यतीचा गेम. दादा रात्रभर काम करून सकाळी यायचा, भाकरी खायचा आणि आतल्या खोलीत आडवा व्हायचा, तो दुपार कलेपर्यंत. तेवढा वेळ टीव्ही माझा. आवाज बंद ठेवावा लागायचा. पडद्यावर मुकी गाडी धावायची आणि भिंतीपलीकडून बाबाच्या अंगणातल्या कुठल्यातरी इंजिनाचा धडधडाट यायचा, तेवढ्यावर मी भागवायची. शर्यतीत मला फार रस नव्हता. दादाला वाटायचं मी हरते म्हणून खेळत नाही. मला गेममधलं गॅरेज हवं होतं. तिथं गाडी उभी करायची, यादी उघडायची, आणि इंजिन बदलायचं. तिथं मला कुणी हाकलत नव्हतं.

तर त्या गॅरेजमध्ये ती जीप होती. चौकोनी, उघडी, आमच्या जीपची सख्खी बहीण. मी पहिल्या दिवशी सगळ्यांत आधी तिचीच यादी उघडली, खोटं कशाला सांगू. आणि यादीत इंजिनं तीन. तिन्ही परदेशी, तिन्ही पेट्रोलवरची, तिन्ही राक्षसासारखी मोठी, शर्यत जिंकण्यापुरती. डिझेल एकही नाही. टेम्पोचं नाही, ट्रॅक्टरचं नाही, होडीचं नाही. मी मागे गेले, परत उघडली. तीनच. मला वाटलं, पुढे शर्यती जिंकल्या की उघडत असतील. म्हणून मी शर्यती जिंकल्या, चिडून जिंकल्या, हात दुखेपर्यंत. बक्षीस म्हणून काय मिळालं तर गाडीला नवे रंग. नवी चाकं. मागे लावायला पंख. एवढा मोठा गेम, झाडाचं पानन् पान हलताना दिसत होतं, आणि इंजिनं म्हटली की हात आखडता. घरात इंजिनं होती तर हात लावायची बंदी, इथं हात लावायची मुभा तर इंजिनंच नाहीत. मी कुणाकुणावर चिडायचं होतं?

गेम बनवणाऱ्यांनी नेटवर एक जागा ठेवली होती, तिथं खेळणाऱ्यांनी आपल्या सूचना लिहायच्या. मी लिहिलं. खातं दादाचं, म्हणून नाव दादाचं. माझं इंग्रजी शाळेतलं, बाकीचं फोनला विचारलं. लिहिलं की प्रत्येक गाडीला अजून इंजिनं द्या, डिझेल द्या, छोट्या टेम्पोचं द्या, ट्रॅक्टरचं द्या, पाण्याच्या पंपाचंसुद्धा द्या, बसवायचं की नाही ते आम्ही बघू. दुसऱ्या दिवशी उघडलं तर खाली जगभरातली पोरं तुटून पडलेली. एकानं लिहिलं, भावा, ही गाडी आहे, शेत नाही. एकानं म्हटलं, ट्रॅक्टरच्या इंजिनावर शर्यत कोण बघणार, झोप लागेल. आणि एक शहाणा होता, त्यानं लांबलचक लिहून मला शिकवलं होतं की तसलं इंजिन या गाडीत मुळात बसतच नाही, लांबीला अडतं, जो असं मागतो त्यानं आयुष्यात कधी बॉनेट उघडलेलं नसणार. त्याच्या खाली पन्नास जणांनी वा वा केलेलं.

मी तशीच उठले. बाबा सामान आणायला वाणगावला गेला होता. मागच्या अंगणात पाय ठेवून मला कितीतरी दिवस झाले होते. जीपची चावी खिळ्याला असायची तिथंच होती. बॉनेट उघडलं, थंड डिझेल इंजिन आतून तापावं म्हणून हीटर लावून थांबले, स्टार्टर मारला, आणि फोनवर व्हिडिओ काढला. इंजिन, त्याखालचे कापून जोडलेले पाय, वेल्डिंगचे सांधे, वरचा पत्र्याचा उंचवटा, सगळं सावकाश दाखवलं. आई मागच्या दारात उभी राहून बघत होती. "तो येईल हां," एवढंच बोलली. अडवलं मात्र नाही, हे लिहून ठेवते, कारण आईबद्दल मी फार कमी चांगलं लिहिलंय असं घरातल्यांचं म्हणणं आहे.

व्हिडिओ टाकला. मला वाटलं आता यांची तोंडं बंद होतील. कसली बंद होतात. कुणी म्हणालं खोटा आहे. कुणी म्हणालं खरा असेल पण ही गाडी म्हणजे अपघात आहे. आणि त्या शहाण्यानं लिहिलं की असलं वेल्डिंग डोळे मिटून केलेलं दिसतं, हे ज्यानं केलं त्याच्या हातातून आधी हत्यारं काढून घ्या. ते वाचून मला जो संताप आला तो आजवर कुणाला समजावून सांगता आला नाही. बाबावर माझा दात होता. दिवसातून दहा वेळा मी त्याला मनात शिव्या घालायची. पण ते वेल्डिंग त्यानं भर पावसात ताडपत्रीखाली उताणं झोपून केलं होतं, छातीवर ठिणग्या घेत, आणि मी खिडकीतून बघितलं होतं. त्या वेल्डिंगला नावं ठेवायची तर मी ठेवीन. तो कोण लागून गेला?

हे सगळं फुटलं ते दादामुळे. त्याच्या कंपनीतली पोरं तोच गेम खेळायची, त्यांनी त्याच्या नावाखालचं सगळं वाचलं आणि त्याला ट्रॅक्टर अशी हाक मारायला सुरुवात केली. तो पाळीवरून आला तो न झोपता वाट बघत बसला. दुपारी आईनं पानं वाढली, उडदाची डाळ, नाचणीची भाकरी, भाजलेले बोंबील. बाबा हात धुऊन पानावर बसतोय तेवढ्यात दादानं तोंड सोडलं.

"माझ्या नावानं ट्रॅक्टरचं इंजिन मागत बसलीय ही. जगात माझी लाज काढली. परत त्या डब्याला हात लावलास ना दर्शू, तर बघ."

"तुला बारा नि चौदाचा पाना कळत नाय, तुझी कसली लाज?" मी म्हटलं.

"बाबा, तुझ्या जीपचं बॉनेट उघडून हिनं व्हिडिओ काढला. तू वाणगावला गेलेलास तेव्हा. नि टाकला नेटवर."

बाबानं तोडलेला घास परत पानात ठेवला. मी मार खायची तयारी केली. आईनं मधलं बोंबलाचं ताट उचलून बाजूला घेतलं, भांडण लागलं की ती आधी अन्न वाचवायची.

"चालू केलीस?" बाबानं विचारलं.

"हो."

"हीटर लावलास?"

"लावला. थांबून मग स्टार्टर मारला."

त्यानं पाण्याचा तांब्या जवळ ओढला. म्हणाला, "मग? काय बोलले ते लोक?"

"बोलले, बसतच नाय. असलं इंजिन या गाडीत बसत नाय. व्हिडिओ खोटा आहे."

"कोण बोलतो बसत नाय?"

"नि तुझ्या वेल्डिंगला हसले."

बाबा उठला. हाताला डाळ तशीच. पुढच्या खोलीत जाऊन टीव्हीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, दाखव. त्या डब्याकडे तोपर्यंत त्यानं ढुंकून बघितलं नव्हतं. त्याच्या लेखी तो निकम्म्या पोरांचा धंदा होता. मी गॅरेज उघडलं. ती जीप चकचकीत फरशीवर सावकाश गोल फिरायला लागली. बाबा बघत राहिला. "हिच्याखाली तेलाचा थेंब नाय," तो म्हणाला. "हे कसलं गॅरेज?" मी इंजिनांची यादी उघडली आणि तिन्ही नावं वाचून दाखवली.

"बाकीची?"

"बाकीची नाय."

"नाय म्हणजे? भंगारवाल्याकडून आणता येत नाय का?"

"भंगारवालाच नाय तिथं. बनवणाऱ्यांनी जी दिली तीच."

मग बाबा तापला. मला वाटलं होतं माझ्यावर तापेल, तो तापला त्या गेमवाल्यांवर. गाडी ज्याची त्यानं ठरवायचं की दुकानदारानं? या हातानं गिरणीत होडीचं इंजिन चालवलंय, आणि हे मला सांगणार तीनच? यांच्यातल्या एकाला तरी घेऊन ये, म्हणाला, खाडीवर नेतो, उधव्याला नेतो, दाखवतो काय कशात बसतं. दादा तोंड वासून बघत होता. बाबानं मला सांगितलं, लिही, मी बोलतो ते लिही त्यांना. लिही की ज्याला बसवता येतं त्याला सगळी द्यायला पाहिजेत. अडवणारे तुम्ही कोण, असं लिही. आई दारात उभी राहून पदराआड हसत होती. घरात बाबा आणि मी एका बाजूला असल्याचा तो पहिला प्रसंग, आणि दुसरी एखादी पोरगी असती तर सुखावली असती. मला मात्र ते ऐकता ऐकता संताप आला. मला अंगणातून हाकलणारा हाच माणूस. माझ्यासाठी सातासमुद्रापलीकडच्या लोकांशी भांडायला निघाला होता.

"ते तीन तरी देतात, बाबा," मी म्हटलं. "तू मला एक तरी दिलंस?"

बाहेर हायवेवर एक ट्रेलर गियर बदलत चढला. आई म्हणाली, "गप ऱ्हा, दर्शू." बाबाचे कान लाल झाले होते. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि ती नजर मी विसरलेले नाही. ती मायेची नव्हती.

"तुला इंजिन पायजे?"

"पायजे."

तो मागे गेला. आम्हाला साखळी ओढल्याचा आवाज आला, मग काहीतरी जड फरफटत आल्याचा. आम्ही मागच्या दाराशी गेलो तर त्यानं ताडाच्या झाडाखाली पडून असलेलं एक पंपाचं इंजिन उंबऱ्याच्या समोर आणून टाकलं होतं. एका सिलिंडरचं, जुनं. आदल्या पावसात कुणाच्या तरी नाल्यात वाहून गेलेलं, महिनोन्‌महिने गाळात रुतलेलं. दोन मिस्त्रींनी परत केलं होतं आणि बाबानंही हात टेकून भंगारात काढलं होतं. गंजून आतून एक होऊन बसलेलं, हँडल केसभरही फिरत नव्हतं.

"हे घे. एक," तो म्हणाला. "चालू झालं तर बोल. तोवर त्या टीव्हीसमोर दिसायचं नाय. नि माझ्याशी इंजिनाचं बोलायचं नाय."

आता सगळे मला सांगतात की बाबा माझी परीक्षा घेत होता. नातसून तर म्हणते, किती छान ना, त्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवला. विश्वास कसला. मी त्याचं तोंड बघितलं होतं. चारचौघांत पोरीनं पाणउतारा केला म्हणून त्यानं मला असं इंजिन दिलं जे चालूच होणार नव्हतं, म्हणजे मी आठ दिवसांत रडत गप्प बसेन. पुढच्या लोकांनी बापाला देव करायचं ठरवलं तर मी काय करू? मी तिथं होते, ते नव्हते.

हत्यारांची पेटी त्यानं कुलपात ठेवली. मला दोन झिजलेले पाने आणि एक हातोडा मिळाला, तोही दादानं गुपचूप आणून दिला, प्रेमानं नव्हे. "लवकर कर नि मोकळी हो, रोज पायात येतं ते," असं म्हणत. आईनं तर मला बोलून बोलून हैराण केलं. दारात घाण, पाय ठेवायला जागा नाही, पाहुणे काय म्हणतील. पण काळं तेल काढायला चुलीतली राख तीच पुढे सरकवायची. मी सिलिंडरवरचं झाकण, हेड, सोडवलं. एक बोल्ट तुटला, तो काढण्यात कितीतरी दुपारी गेल्या. गेममध्ये इंजिन उतरवायला एक बटण दाबावं लागायचं. मग सिलिंडरमध्ये डिझेल आणि जळकं तेल ओतून ठेवलं, आणि रोज त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून ठोके द्यायला सुरुवात केली. हलके, एकाच जागी कधीच नाही, फिरवून फिरवून. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. खिडकीतून बघितलं होतं. हाताला, केसाला, भाकरीला, सगळ्याला डिझेलचा वास. बाबा जाता-येता विचारायचा, "अजून जाम?" मी म्हणायची, "तुझ्या डोक्याएवढं नाय." मग तो पुढे जायचा. आमचं तेवढंच बोलणं उरलं होतं.

एका दुपारी ठोका दिला आणि आवाज बदलला. पिस्टन हलला होता, किती म्हणाल तर नखाएवढा. मी हातोडा ठेवून त्या उंबऱ्यावर बसले आणि रडले. आईला वाटलं हात चेचला. पुढचं सगळं त्यामानानं सोपं होतं, सोपं म्हणजे फक्त त्रासाचं. आईबरोबर बोर्डीला चिकू निवडायला गेले, त्या मजुरीतून वाणगावच्या दुकानातून पिस्टनच्या रिंगा आणि डिझेल फवारणारं नोझल आणलं. दुकानदार म्हणाला, बाबांना कुठल्या इंजिनाला पाहिजे, सांगा, म्हणजे बरोबर माप देतो. मी म्हटलं, बाबांना नकोय, मला पाहिजे. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि माप दोनदा विचारलं. मी दोनदा सांगितलं.

ज्या दिवशी ते चालू झालं त्या दिवशी हँडलनं मला आधी एकदा उलटा फटका दिला, मनगट काळंनिळं झालं. मी परत लावलं. हँडल हलकं फिरावं म्हणून झडप उचलून धरली, फिरवत गेले, फिरवत गेले, आणि सोडली. पांढरा धूर, एक ठोका, मग काहीच नाही. परत. आणि मग ते लागलं, धक, धक, धक, अंगणातल्या कोंबड्या उधळल्या, घराच्या कौलांना हादरा बसायला लागला. आई पिठाचे हात घेऊन बाहेर आली. दादा झोपेतून उठून आला आणि कान झाकून उभा राहिला. पलीकडे बाबा वेल्डिंग करत होता. त्यानं काच डोळ्यांवरून काढली, मान तिरपी करून ऐकलं, बराच वेळ ऐकलं. मग काच परत डोळ्यांसमोर धरली आणि वेल्डिंग चालू केलं. मी ते इंजिन डिझेल संपेपर्यंत बंद केलं नाही, मुद्दाम.

दुसऱ्या दिवशी आईबरोबर बोर्डीहून परत आले तर उंबऱ्यासमोरची जागा रिकामी. खाली नुसता तेलाचा डाग. मी चप्पलसुद्धा काढली नाही, तशी अंगणात शिरले. तिथं कोण ड्रायव्हर होते, कोण क्लिनर होते, मी बघितलं नाही. बाबा एका टेम्पोखाली आडवा होता, त्याचे पाय तेवढे बाहेर.

"इंजिन कुठाय?"

"दिलं. सायवनच्या माणसाला. त्याला पंपाला पायजे होतं."

"माझं होतं ते."

"माझं होतं. तुला चालू करायला दिलेलं."

मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही. आई मागून धावत आली आणि माझा दंड धरला. क्लिनर लोक उभे राहून बघत होते, एकानं तोंडातली विडी काढली. मी म्हटलं, माझ्या रिंगा होत्या त्यात, माझं नोझल होतं, माझं मनगट होतं. मी म्हटलं, तुझ्यापेक्षा ते गेमवाले बरे, ते दिलेलं परत तरी घेत नाहीत. बाबा टेम्पोखालून बाहेर आला नाही. सगळं बोलून माझा दम संपला तेव्हा खालून नुसता हात बाहेर आला, कोपरापर्यंत काळा, आणि त्यातल्या पान्यानं भिंतीकडे खूण केली.

भिंतीला टेकून दोन इंजिनं ठेवली होती. एक होडीचं, खाऱ्या पाण्यानं चाळणी झालेलं. दुसरं अपघातातल्या टेम्पोचं, अंगाला तडा गेलेलं. दोन्ही जाम. दोन्ही आधीच्यापेक्षा वाईट. सकाळी मी बोर्डीला गेले तेव्हा ती तिथं नव्हती, म्हणजे माझं इंजिन देऊन झाल्यावर कुठूनतरी उचलून आणली असणार, आणि ती आणायला चेनपुली आणि माणसं लागली असणार. पलीकडे जमिनीवर हत्यारांची पेटी होती, आणि तिचं कुलूप काढलेलं होतं.

"कुठलं घ्यायचं ते तू बघ," टेम्पोखालून बाबा म्हणाला.

मी दंड सोडवून घेतला. दोन्ही इंजिनांभोवती फिरले. होडीच्या इंजिनाचं हेड हातानं दाबून बघितलं, टेम्पोच्या तड्यातून बोट फिरवलं. क्लिनर बाजूला सरकले, मला जागा देण्यासाठी. राग गेला नव्हता, आजही गेलेला नाही. मी पेटीपाशी जाऊन वाकले, चौदाचा पाना काढला, आणि टेम्पोखालच्या त्या पायांकडे बघून विचारलं, "दोनच?"